एनडीएची निवड : पाच दिवस आणि तीन परीक्षक

बारावीचे वर्ष आले की इंदूरच्या मराठी घरांतून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "लेखी परीक्षा निघाली, आता एसएसबीत नेमके काय बघतात?" महू शेजारीच असल्याने लष्कर आपल्याला परके नाही. निवडीची पद्धत मात्र बहुतेकांना ऐकीव माहितीवरूनच ठाऊक असते. म्हणून ती येथे क्रमाने देत आहोत.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) तीन वर्षांचे शिक्षण, निवास, पुस्तके आणि गणवेश यांचा खर्च सरकार करते. पालकांनी मुख्यतः हातखर्चाचे पैसे द्यायचे असतात. ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली आहे, त्यांच्या मुलांना त्यासाठीही सरकारी मदत मिळते. मध्यमवर्गीय घरासाठी ही पूर्ण शिष्यवृत्तीच म्हणायची.

लेखी परीक्षा
संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. साडेसोळा ते साडेएकोणीस वयाचे अविवाहित मुलगे आणि मुली तिला बसू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ पासून मुलींनाही प्रबोधिनीत प्रवेश मिळू लागला. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. एसएसबीलाही तितकेच, म्हणजे ९०० गुण आहेत. त्यामुळे लेखीत जेमतेम पुढे गेलेला उमेदवारही अंतिम यादीत वर येऊ शकतो.

एसएसबीचे पाच दिवस
सेवा निवड मंडळाची केंद्रे भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, गांधीनगर, म्हैसूर अशा ठिकाणी आहेत. पहिल्या दिवशी चाळणी होते. आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि नंतर गटात तिच्यावर चर्चा करायची. बरेच उमेदवार त्याच दिवशी परत पाठवले जातात.

उरलेल्यांची परीक्षा तिघे जण स्वतंत्रपणे घेतात. मानसशास्त्रज्ञ फक्त लिखाण पाहतो : १२ चित्रांवर गोष्टी (त्यांतले शेवटचे चित्र कोरे), ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत एकेक वाक्य, ३० मिनिटांत ६० प्रसंगांवरील प्रतिक्रिया आणि शेवटी स्वतःचे वर्णन. गट चाचणी अधिकारी मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळे ओलांडायला लावतो, गटचर्चा ऐकतो आणि छोटे भाषण करायला सांगतो. तिसरा अधिकारी मुलाखत घेतो. घर, शाळा, मित्र, खेळ, अपयश असे सगळे त्यात विचारले जाते.

मंडळात या तीन अंगांना 'मनसा, वाचा, कर्मणा' असे म्हणतात. आपल्याकडच्या 'काया-वाचा-मने' या बोलण्यातला अर्थही हाच. तिघेही शेवटच्या दिवसाच्या परिषदेपर्यंत आपापले मत एकमेकांना सांगत नाहीत. कागदावर धाडसी असलेला मुलगा मैदानावर मागे राहिला, किंवा मुलाखतीत संघभावनेवर बोलणारी मुलगी चर्चेत दुसऱ्याला बोलूच देत नसेल, तर ती विसंगती परिषदेत उघडी पडते. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी फारशा उपयोगी पडत नाहीत, त्या यामुळेच.

शिफारस झालेल्यांची वैद्यकीय तपासणी होते. वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी वैमानिक क्षमतेची संगणकीय चाचणीही द्यावी लागते. ती आयुष्यात एकदाच देता येते.

पालकांसाठी
एसएसबीत उमेदवाराची तुलना शेजारच्याशी होत नाही, ठरलेल्या कसोटीशी होते. गटातले सगळे निवडले जाऊ शकतात, तसा एकही न निवडला जाणेही शक्य असते. म्हणून गटातल्या दुसऱ्याला पाडून काहीच मिळत नाही.

इंग्रजी कच्चे म्हणून खचू नये. विचार स्पष्ट मांडता येणे महत्त्वाचे, उच्चार नव्हे. मानसशास्त्रीय चाचण्यांची उत्तरे हिंदीतही लिहिता येतात. आपल्या घरांतली अडचण आम्हाला वेगळीच दिसते. 'मोठ्यांसमोर बोलू नये' या वळणात वाढलेले मूल आठ-दहा अनोळखी मुलांच्या चर्चेत गप्प बसते. मत असते, पण ते कोणापर्यंत पोहोचत नाही. आठवीपासूनच घरातल्या निर्णयांत मुलांचे मत विचारावे. सहलीची आखणी, गणेशोत्सवातले एखादे काम, महिन्याचा किराणा अशा जबाबदाऱ्या त्यांच्यावर सोपवाव्यात. चुकले तरी लगेच हातातून काढून घेऊ नयेत.

मूल परत आले तर नातेवाइकांसमोर त्याचा पंचनामा करू नये. वय असेपर्यंत लेखी परीक्षा पुन्हा देता येते. बारावीनंतर हुकले तरी पदवीनंतर सीडीएसचा मार्ग आहे आणि तिथेही एसएसबीच असते. आज गणवेशात असलेल्या कितीतरी अधिकाऱ्यांना पहिल्या खेपेला रिकाम्या हातानेच परतावे लागले होते.