हौस कोणाची, मैदान कोणाचे?

‘हौशी खेळाडू’ हा शब्द वरवर निष्पाप दिसतो. पैशासाठी नव्हे, आनंदासाठी खेळतो तो हौशी. परंतु हौस करायला मोकळा वेळ लागतो, पोटात अन्न लागते आणि पाय ठेवू देणारे मैदान लागते. ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते, त्यांच्या हौसेचे काय झाले, हा प्रश्न आपल्या क्रीडा-इतिहासाने फारसा विचारलेला नाही.

ज्या इंग्लंडातून ही कल्पना आपल्याकडे आली, तिथेही ती निर्मळ नव्हती. टेम्स नदीवरच्या हेन्ली येथील नौकाशर्यतींच्या चालकांनी १८७९ साली नियम केला की, कारागीर, यंत्रकामगार वा मजूर म्हणून रोजीवर राबलेला माणूस हौशी मानला जाणार नाही. घाम गाळून जगणे हीच अपात्रता ठरली! तिथे भेद वर्गाचा होता. आपल्याकडे त्यावर जातीचा थर चढला.

पालवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडी, रोलर फिरवी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. चेंडू टाकायचा त्याने, बॅट धरायची साहेबांनी. त्याची गोलंदाजी हवी म्हणून सवर्णांच्या संघाने त्याला घेतले. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. गुण पुरेसा नव्हता. त्यासाठी भांडावे लागले.

हाच न्याय नाशिकने आखाड्याच्या मातीत पाहिला. या शहराला तालमींची जुनी परंपरा आहे. रामनवमीनंतरच्या एकादशीला निघणारे रथ ओढण्याचा मान तालमींकडे चालत आलेला. म्हणजे इथे व्यायाम ही खासगी हौस नव्हती. कमावलेल्या शरीराला सार्वजनिक प्रतिष्ठा होती. ती कोणाच्या शरीराला, हे १९३० साली उघडे पडले. २ मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या उभारणीत दादासाहेब गायकवाड अग्रभागी होते. ९ एप्रिलला रथाचा दिवस आला. दोन्ही बाजूंच्या बलदंड माणसांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात लागण्याआधीच रथ पळवला गेला. दगडफेक झाली, आणि बाबासाहेबांनाही इजा झाली.

या घटनेकडे आपण मंदिरप्रवेशाच्या अंगाने पाहतो, ते योग्यच आहे. पण तिचा आणखी एक अर्थ आहे. ताकद दोन्हीकडे होती. वाद होता तो दोराला हात लावण्याच्या अधिकाराचा. व्यायामाने छाती रुंदावते, मन आपोआप रुंदावत नाही. तालीम माणसे जोडते हे खरे. पण कोणाला वगळून जोडते, हेही तपासावे लागते.

काही सज्जन म्हणतात, कष्टकऱ्याला व्यायामाची गरजच काय? त्याचे श्रम हाच त्याचा व्यायाम! हा युक्तिवाद फसवा आहे. व्यायामात विश्रांती असते, निवड असते, शरीराच्या सर्व अंगांचा विचार असतो. पोती वाहणाऱ्याची पाठ आणि गुडघे मात्र झिजतच जातात. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता मिळतो. तिथून पहाटे कोणी धावायला निघतो, कोणी रोजगाराला. पहिल्याला आपण आरोग्याबद्दल जागरूक म्हणतो. दुसऱ्याच्या चालण्याला नावही देत नाही. आयुष्यभर तंदुरुस्त राहा, हा उपदेश चांगला आहे. पण तो ऐकायला ज्याला सवड नाही, त्याच्यापर्यंत तो पोचायचा कसा?

ताकद आणि हौस खाली नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. द्वारकेवरून पंचवटीकडे जाणारा हाच महामार्ग पुढे चांदवडला जातो. त्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदत असे. नौकानयन तो सैन्यात शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून तेरावा आला. हेन्लीचा जुना नियम असता, तर काठावरच त्याला अडवले असते. सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळवले. अशी माणसे पुढे आली की आपण जिद्दीचे गोडवे गातो आणि जी मैदानापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांना विसरतो.

म्हणून हौशी खेळ आणि तंदुरुस्तीसाठी झटणाऱ्या संस्थांचे मोल चषकांवरून करू नये. वर्गणी किती आहे? मैदान कामगाराच्या सुटीनंतर उघडे असते काय? वस्तीतल्या मुलींना तिथे जागा आहे काय? कार्यकारिणीत कोण बसते? कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या गावात हे प्रश्न विचारावेत. मैदान हाही एक पाणवठाच आहे. तो कोणी दान देईल म्हणून वाट पाहायची नसते. महाडला आपण ते शिकलो आहोत.