विरुदुनगरचा निकाल



मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बी.एच.एम.एस. होऊन बेळगावात दवाखाना टाकला, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. तरीही आज बोलायला उभा राहिलो, त्याला एक निमित्त आहे. मागच्या पावसाळ्यात ओळखीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, विद्यार्थी चळवळीत पुढे. प्रकृतीची तक्रार काहीच नव्हती. "डॉक्टर, हा विधानसभेला उभा राहतो म्हणतो. तुम्ही तरी समजवा," वडील म्हणाले. मी उपदेश केला नाही. विरुदुनगरची हकिगत सांगितली. तीच आपल्यापुढे ठेवतो.

फेब्रुवारी १९६७. तेव्हाच्या मद्रास राज्यात विधानसभेची निवडणूक होती. विरुदुनगर मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार होते के. कामराज. १९५४ ते १९६३ अशी नऊ वर्षे ते मुख्यमंत्री होते. पुढे पक्षाचे अखिल भारतीय अध्यक्ष झाले. नेहरूंनंतर शास्त्रीजी आणि शास्त्रीजींनंतर इंदिराबाई पंतप्रधान झाल्या, त्या दोन्ही वेळी सूत्रे त्यांच्याच हाती होती. विरुदुनगर तर त्यांचे जन्मगाव. समोर द्रविड मुन्नेत्र कळघमने उभे केले पी. श्रीनिवासन यांना. त्यांची ओळख एकच, १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनातील विद्यार्थी नेता. निकाल लागला तेव्हा कामराज १,२८५ मतांनी पडले होते.

आमच्या शास्त्रात रोगी शेवटची तक्रार सांगतो, तिच्यावर औषध देत नाहीत. मागची सगळी हकिगत विचारतात. या पराभवाचेही तसेच आहे.

घटनेप्रमाणे २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची प्रमुख राजभाषा होणार होती. नोकरीच्या परीक्षा हिंदीत झाल्या तर आपण मागे पडू, ही तमिळ विद्यार्थ्यांची भीती होती, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. आदल्या दिवशी मदुराईत ठिणगी पडली आणि राज्यभर वणवा पेटला. सरकारी आकड्याप्रमाणेच सुमारे ७० माणसे दगावली. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. ११ फेब्रुवारीला शास्त्रीजींनी आकाशवाणीवरून इंग्रजी चालू राहील असे आश्वासन दिले, तेव्हा आग निवळली. धग मात्र राहिली. तिच्यात धान्यटंचाईची भर पडली. तांदूळ महागला होता, आणि द्रमुकने रुपयात तीन मापे तांदूळ देण्याचे वचन दिले होते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. अठरा वर्षांचा नियम १९८९ सालचा. म्हणजे ज्या पोरांनी दारोदार फिरून प्रचार केला, त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचे मतच नव्हते. त्यांनी आईबापांची मते वळवली. विधानसभेला उभे राहायला तर वयाची पंचविशी पुरी व्हावी लागते. त्यामुळे 'विद्यार्थी उमेदवार' हा नेहमीच विद्यार्थिदशेच्या उंबरठ्यावरचा माणूस असतो.

दुसरी गोष्ट बेरजेची. द्रमुकने स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट, मुस्लिम लीग अशांशी जुळवून घेतले होते. १९३७ साली मद्रास इलाख्यात शाळांतून हिंदी सक्तीची करणारे राजाजी या वेळी हिंदीविरोधकांच्या बाजूला होते! राज्यभरात काँग्रेसला सुमारे ४१ टक्के मते पडली, द्रमुकला त्याहून किंचित कमीच. तरी २३४ पैकी १३७ जागा द्रमुकच्या झाल्या. विरोधकांची मते फुटली नाहीत, म्हणून हे घडले. त्याच निवडणुकीत मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना आणि बंगालमध्ये विरोधकांनी अतुल्य घोष यांना पाडले. तेव्हा विरुदुनगरचे यश एकट्या श्रीनिवासन यांचे नव्हते. वारेच फिरले होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. कामराजांना स्वतःला लहानपणीच शाळा सोडावी लागली होती. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी बंद पडलेल्या शाळा उघडल्या, खेडोपाडी नव्या काढल्या, गरिबांच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण दिले. १९५४ साली सहा-सात वर्षांचे असलेले मूल १९६७ मध्ये कॉलेजात होते. म्हणजे कामराजांना पाडायला निघालेल्या पोरांत, त्यांनीच उघडलेल्या शाळांत पाटी गिरवलेली पोरेही असणार. याला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. शिकलेले मूल प्रश्न विचारते, आणि पहिला प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यालाच विचारते.

आम्हा जैनांच्या घरी अनेकान्त लहानपणीच कानावर पडतो. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात आणि एक बाजू खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. विद्यार्थ्यांचा राग खरा होता, कामराजांचे कामही खरे होते. अण्णादुरै यांना आपल्याच पक्षाच्या या विजयाचे वाईट वाटले, असे सांगतात. कामराजांनी कौल मान्य केला. १९६९ च्या पोटनिवडणुकीत नागरकोविलहून ते लोकसभेत गेले.

आणि श्रीनिवासन? ते पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. डिसेंबर १९७२ मध्ये अध्यक्ष मतियळगन यांना दूर करण्यावरून सभागृहात प्रचंड गोंधळ माजला, तेव्हा कामकाज चालवण्याची पाळी श्रीनिवासन यांच्यावर आली. एकेकाळी रस्ते बंद पाडणाऱ्या माणसाला आता 'शांत राहा' म्हणायचे होते. निवडून जाणे म्हणजे काय, ते मला इथे कळते.

आपण सीमाभागातली माणसे. भाषेसाठी रस्त्यावर उतरणे म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. १९५६ नंतर ज्यांनी ते भोगले, त्यांची मुले-नातवंडे या सभागृहात बसली आहेत. म्हणूनच त्या मुलाला 'राजकारणात पडू नकोस' असे सांगायला माझी जीभ रेटेना.

सगळे ऐकून त्याने विचारले, "काका, मग उभा राहू की नको?" मी म्हणालो, "बाळ, ते तुझे तू ठरव. पण अर्ज भरण्याआधी दोन कामे कर. ज्यांना मत आहे त्यांच्या घरी जा, आणि आपले न बोलता त्यांचे ऐकून ये. आणि तू ज्या शाळेत शिकलास ती कोणी काढली, ते शोधून काढ. ज्याच्याविरुद्ध उभा राहशील, त्याचाच हात तिथे निघाला तर भाषणात तेवढे कबूल करायला लाजू नकोस."

वडील थोडे नाराज होऊनच गेले. मुलगा मात्र परवा पुन्हा येऊन गेला. पहिले काम चालू आहे म्हणाला. शाळेची जुनी कागदपत्रे अजून सापडलेली नाहीत.