संकटात वापरलेले साधन आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सुरक्षा साधनांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते साधन कोणी व केव्हा तयार केले याची नोंद त्यात सापडते. परंतु ते साधन प्रत्यक्ष संकटात एकदा वापरले गेल्यानंतर त्याचे आणि ते वापरणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा मागे राहतो. वास्तविक जीवरक्षक साधन व त्याचा निर्माता यांची खरी परीक्षा त्याच क्षणी होते. आज अनेक कंपन्या संकटात वापरलेले साधन विनामूल्य किंवा सवलतीत बदलून देतात. या प्रथेकडे केवळ विक्रीची एक युक्ती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या प्रथेची पूर्वपीठिका शोधून तिच्यामागील तांत्रिक, आर्थिक व नैतिक कारणांची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. अभ्यासासाठी हवाई छत्री, वैमानिकाचे इजेक्शन आसन, संकटसंदेश देणारे बीकन आणि हेल्मेट ही चार साधने निवडली आहेत.

सन्मानाचा कालखंड :

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटनजवळच्या मॅककुक फील्ड येथे मेजर हॉफमन यांच्या नेतृत्वाखाली हवाई छत्रीवर संशोधन सुरू होते. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी घेऊन हवेतच स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली. जमिनीवर उतरताना त्यांचा घोटा मोडला. पण माणूस मोकळा पडत असताना शुद्ध हरपतो, ही तत्कालीन समजूत या उडीने खोटी ठरविली. पुढे अर्विन यांनी बफेलो येथे छत्र्या तयार करणारी कंपनी स्थापन केली.

२० ऑक्टोबर १९२२ रोजी त्याच मॅककुक फील्डवरील लेफ्टनंट हॅरॉल्ड हॅरिस यांचे लढाऊ विमान हवेत निकामी झाले. त्यांनी छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली आणि ते डेटन शहरातील एका घराच्या परसात द्राक्षांच्या मांडवावर उतरले. छत्रीमुळे वाचलेल्यांची एक संघटना असावी, अशी कल्पना यानंतर स्थानिक वृत्तपत्राच्या दोन वार्ताहरांनी मांडली. त्यातून 'कॅटरपिलर क्लब' अर्थात सुरवंट मंडळ उदयास आले. त्या काळी छत्री रेशमाची असे; रेशीम देणाऱ्या अळीचे ऋण या नावातून व्यक्त झाले. आपल्या छत्रीने ज्याचा जीव वाचेल त्याला सोन्याची सुरवंटाकृती पिन देण्याचे अर्विन यांनी मान्य केले. हौसेने किंवा प्रात्यक्षिकासाठी उडी घेणाऱ्यास सदस्यत्व मिळत नसे. खऱ्या संकटात घेतलेली उडी हीच पात्रतेची अट होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अर्विन यांच्या पिना मिळालेल्या सदस्यांची संख्या ३४,००० च्या वर गेली होती. चार्ल्स लिंडबर्ग हे तर १९२५ व १९२६ या दोन वर्षांत मिळून चार वेळा छत्रीमुळे बचावले.

हाच आदर्श समुद्रावरही अनुसरला गेला. समुद्रात उतरावे लागलेल्या व तरंगत्या साधनांमुळे वाचलेल्या वैमानिकांसाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये 'गोल्डफिश क्लब' स्थापन झाला. त्याचे संस्थापक सी. ए. रॉबर्टसन हे पी. बी. काऊ या बचावसाधने तयार करणाऱ्या कंपनीत मुख्य आरेखक होते. युद्धकाळात धातूचा तुटवडा असल्याने या मंडळाचे बोधचिन्ह कापडावर भरतकाम करून बनविले गेले.

मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीची कथा अधिक बोलकी आहे. संस्थापक जेम्स मार्टिन यांचे भागीदार व वैमानिक कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर यांचा १२ सप्टेंबर १९४२ रोजी कंपनीच्याच विमानाची चाचणी घेताना मृत्यू झाला. त्यानंतर मार्टिन यांनी वैमानिकाच्या सुरक्षिततेला वाहून घेतले. २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच यांनी इजेक्शन आसनाची जिवंत चाचणी दिली आणि ३० मे १९४९ रोजी जॉन लँकेस्टर यांचा जीव या आसनामुळे प्रत्यक्ष संकटात वाचला. १९५७ पासून कंपनीने अशा वैमानिकांसाठी 'इजेक्शन टाय क्लब' सुरू केला. भारताच्या तेजस विमानातही याच कंपनीचे आसन आहे. १२ मार्च २०२४ रोजी जैसलमेरजवळ कोसळलेल्या तेजसचा वैमानिक सुखरूप बाहेर पडला.

या कालखंडाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. छत्री व आसन ही साधने बहुतांशी शासनाच्या मालकीची होती. ती वापरली गेली तर नवीन साधन देणे हे शासनाचे काम होते. जीव वाचलेल्या सैनिकावर खर्चाचा भार पडत नसल्याने निर्मात्याने द्यावयाची गोष्ट म्हणजे केवळ सन्मान होता.

सन्मानाकडून बदलीकडे :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साधने सामान्य नागरिकाच्या हाती आली आणि चित्र पालटले. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा व फ्रान्स यांनी १९७९ मध्ये कॉस्पास-सारसॅट या उपग्रह-आधारित बचाव व्यवस्थेचा करार केला. ३० जून १९८२ रोजी पहिला उपग्रह सोडण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या एका लहान विमानातील तीन व्यक्ती या व्यवस्थेमुळे वाचल्या. १ जुलै २००३ पासून अमेरिकेत सामान्य नागरिकांनाही वैयक्तिक बीकन बाळगण्याची मुभा मिळाली.

जहाजावरील बीकनने किमान ४८ तास व वैयक्तिक बीकनने किमान २४ तास संदेश देत राहावे, अशी अपेक्षा असते. एकदा बीकन सुरू केले की त्यातील बॅटरी किती शिल्लक आहे यावर विसंबता येत नाही. अधिकृत केंद्रातून ती बदलून घ्यावी लागते. हा खर्च वापरणाऱ्याच्या माथी येतो. या टप्प्यावर काही निर्मात्यांनी पुढाकार घेतला. अमेरिकेतील एसीआर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने खऱ्या संकटात वापरलेल्या बीकनच्या बदल्यात नवीन बीकन देण्याची व वाचलेल्या व्यक्तीकडून तिची हकीकत मागविण्याची पद्धत सुरू केली. सुरवंटाच्या पिनेची जागा येथे नव्या साधनाने घेतली; हकीकत मागविण्याची रीत मात्र कायम राहिली.

हेल्मेटच्या बाबतीत कारण पदार्थविज्ञानात आहे. १९७५ च्या 'बेल बायकर' या सायकलस्वारांच्या हेल्मेटपासून फुगविलेल्या पॉलिस्टायरीनचे अस्तर रूढ झाले. आघात होताच हे अस्तर चिरडते व ऊर्जा शोषून घेते. मात्र ते पूर्ववत होत नाही. बाहेरून शाबूत दिसणारे हेल्मेट आतून निकामी झालेले असू शकते. म्हणून अपघातानंतर हेल्मेट बदलावे, असे निर्माते सांगतात. ट्रेक कंपनीने तर आपल्या हेल्मेटबाबत खरेदीपासून पहिल्या वर्षात अपघात झाल्यास ते विनामूल्य बदलून देण्याचे धोरण स्वीकारले.

कारणमीमांसा :

वरील उदाहरणांवरून या प्रथेमागे तीन कारणे दिसून येतात. पहिले कारण तांत्रिक आहे : ही साधने स्वतःचा नाश करून माणसाला वाचवितात. दुसरे कारण मानसिक आहे. संकटात सापडलेला माणूस बटण दाबण्यापूर्वी खर्चाचा विचार करू लागला, तर साधन असूनही तो प्राणास मुकू शकतो. बदलीचे आश्वासन हा संकोच दूर करते. म्हणजेच ते संकट येण्यापूर्वीच आपले काम करीत असते. तिसरे कारण ज्ञानविषयक आहे. प्रयोगशाळेतील चाचणी ठरलेल्या परिस्थितीत होते. खऱ्या संकटातून परतलेले साधन व त्याबरोबरची हकीकत यांतून निर्मात्याला जी माहिती मिळते, ती अन्य मार्गाने मिळणे कठीण असते.

तथापि, या प्रथेच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पिन, टाय किंवा नवे बीकन हे वाचलेल्यालाच मिळते. ज्याची छत्री उघडली नाही, तो हकीकत लिहून पाठवीत नाही. त्यामुळे निर्मात्यांकडील अशा संग्रहांतून यशाची बाजू ठळक दिसते व अपयशाची झाकली जाते. या हकीकती जाहिरातीसाठीही वापरल्या जातात. म्हणून त्यांचा वापर ऐतिहासिक साधन म्हणून करताना अपघातांच्या स्वतंत्र चौकशी अहवालांशी त्या ताडून पाहणे गरजेचे ठरते.

भारतीय संदर्भ :

भारत कॉस्पास-सारसॅट व्यवस्थेत सहभागी असून तिचे भारतीय नियंत्रण केंद्र बंगळुरू येथे आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने विकसित केलेले संकटसंदेश यंत्र २०१० पासून वापरात आले. २०२४ च्या प्रारंभापर्यंत अशी २०,००० हून अधिक यंत्रे वापरली जात होती आणि त्याच वर्षी त्याची दुसरी पिढी उपलब्ध झाली. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरील लहान होडीच्या मालकासाठी अशा यंत्राचा पुनर्खर्च ही क्षुल्लक बाब नाही. यंत्र देताना ते वापरल्यानंतर बदलून कोण देणार, याचे उत्तर त्याच वेळी मिळाले, तर संकटसमयीचा संकोच निश्चितच कमी होईल.

निष्कर्ष :

१. जीव वाचल्यानंतर निर्मात्याने दखल घेण्याची परंपरा १९२२ पासूनची आहे. सध्याची बदलीची प्रथा हे तिचेच परिवर्तित रूप होय.

२. साधनाची मालकी शासनाकडून नागरिकाकडे आली, तेव्हा सन्मानाची जागा बदलीने घेतली.

३. ही प्रथा केवळ औदार्य नसून साधनाच्या परिणामकारकतेचा भाग आहे. कारण खर्चाच्या भीतीने न वापरलेले साधन नसल्यासारखेच असते.

४. म्हणून ती निर्मात्याच्या मर्जीवर न सोडता, किमान शासकीय अनुदानातून दिल्या जाणाऱ्या साधनांच्या बाबतीत तरी, खरेदीच्या करारातच समाविष्ट होणे इष्ट ठरेल.