सिमेंटचा पत्रा आणि न झालेल्या नोंदी : इमारतींतील ॲस्बेस्टॉसचा इतिहास

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील कारखान्यांच्या शेडी, रेल्वेची गुदामे, शाळांचे व्हरांडे, चाळींमागील आडोसे आणि कोकणातील पडव्या ज्या करड्या, पन्हळी पत्र्याने झाकल्या गेल्या, तो ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून सर्वत्र ओळखला जातो. त्यातील सुमारे नऊ भाग सिमेंट आणि एक भाग ॲस्बेस्टॉस असे प्रमाण दीर्घकाळ रूढ होते. या पत्र्याचा इतिहास सहसा स्वस्त निवाऱ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि ते खरेही आहे. परंतु त्याच्या धुळीमुळे कोण आजारी पडले याची नोंद कोणी ठेवली आणि कोणाची नोंद झालीच नाही, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग असून आजच्या इमारतींच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरतो.

ॲस्बेस्टॉस ही काही तंतुमय सिलिकेट खनिजांची सामायिक संज्ञा आहे. त्यांपैकी क्रिसोटाइल म्हणजे पांढरे, क्रोसिडोलाइट म्हणजे निळे आणि अमोसाइट म्हणजे तपकिरी ॲस्बेस्टॉस हे तीन प्रकार उद्योगात प्रामुख्याने वापरले गेले. हे खनिज जळत नाही, सहज कुजत नाही, ताण सहन करते आणि कापसाप्रमाणे पिंजून त्याचे कापडही विणता येते. मात्र पिंजताना किंवा फोडताना ते उभे चिरत जाऊन त्याचे इतके बारीक तंतू होतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत बराच काळ तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुफ्फुसांच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोहोचतात; शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि पूर्णपणे बाहेरही टाकता येत नाहीत.

इमारतींमध्ये या खनिजाचा मोठ्या प्रमाणावर प्रवेश झाला तो ऑस्ट्रियन उद्योजक लुडविग हाट्शेक यांच्या शोधामुळे. त्यांनी 1901 साली ज्या प्रक्रियेचे पेटंट मिळवले, ती कागद बनवण्याच्या यंत्रावरून घेतलेली होती. पाण्यात कालवलेला सिमेंट आणि तंतूंचा पातळ लगदा फिरत्या जाळीदार दंडगोलावर उचलला जाई, त्याचे थर एकावर एक गुंडाळून हवी ती जाडी मिळे आणि ओला पत्रा साच्यावर दाबून त्याला पन्हळी आकार दिला जाई. ‘इटरनिट’ या नावाने तो युरोपभर पसरला. गंज नाही, वाळवी नाही, आगीची भीती नाही आणि किंमत माफक, हे त्याचे गुण निर्विवाद होते.

परंतु ॲस्बेस्टॉसच्या धुळीविषयीचा पहिला सरकारी इशारा हाट्शेक यांच्या पेटंटपेक्षाही जुना आहे. ब्रिटनच्या महिला कारखाना निरीक्षकांनी 1898 च्या वार्षिक अहवालात या धुळीचे कण काचेसारखे टोकदार असल्याचे आणि ते कामगारांना अपायकारक ठरत असल्याचे नमूद केले होते. पुढे 1924 साली, रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केरशॉ या 33 वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. तिच्या फुफ्फुसांत विकृतिशास्त्रज्ञ विल्यम कुक यांना खनिज कण आढळले आणि त्यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याविषयी लिहिले. तंतूंमुळे फुफ्फुसांची ऊती कठीण व व्रणयुक्त होऊन श्वास घेणे उत्तरोत्तर अवघड होत जाते, अशा या विकाराला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव पडले. डॉ. मेरवेदर यांनी अभियंता प्राइस यांच्यासह 1930 साली सादर केलेल्या अहवालात 363 कामगारांच्या तपासणीचा वृत्तान्त आहे. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक जणांना हा विकार जडलेला होता आणि नोकरीची वर्षे वाढत जात तसतसे हे प्रमाणही वाढत गेलेले दिसले. त्यानंतर 1931 साली ब्रिटनमध्ये धूळनियंत्रणाचे नियम झाले. मात्र ते कारखान्यातील ठरावीक प्रक्रियांपुरतेच होते. तयार माल कापणारा, बसवणारा किंवा पाडणारा मजूर त्यांच्या कक्षेबाहेर राहिला आणि त्याला कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी 1969 साल उजाडावे लागले.

हा कालक्रम भारताच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे, कारण रॉचडेलचा कारखाना ज्या टर्नर अँड न्यूअल समूहात होता, त्याच समूहाशी संलग्न ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट’ ही कंपनी ब्रिटिश नियमांनंतर तीनच वर्षांनी, 1934 साली, भारतात स्थापन झाली. मध्य भारतातील कैमोर येथे आणि मुंबईच्या सीमेवरील मुलुंड येथे तिचे कारखाने उभे राहिले, आणि ‘एव्हरेस्ट’ हे तिच्या मालाचे नाव पुढे घरोघरी पोहोचले. स्वातंत्र्योत्तर काळात याच समूहाशी निगडित दुसरा कारखाना घाटकोपर येथे निघाला, तेथे वाहनांच्या ब्रेकचे अस्तर आणि ॲस्बेस्टॉसचे कापड बनू लागले. म्हणजेच या धुळीने फुफ्फुसांचा विकार होतो ही माहिती मूळ देशात अधिकृत अहवालात छापली गेल्यानंतर हा उद्योग मुंबई परिसरात आला.

पत्र्याला येथे मागणी का आली, हे समजून घेतल्याशिवाय मात्र हा इतिहास न्याय्य होणार नाही. मुसळधार पावसाच्या प्रदेशात गवती छप्पर वरचेवर शाकारावे लागे, मंगलोरी कौलांना वासे-रिपांचा भारी सांगाडा लागे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती परतावी लागत. साधा लोखंडी पत्रा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लवकर गंजे. सिमेंटचा पत्रा या सर्व अडचणींवर एकाच वेळी उतारा ठरला. नवी वसाहत, गोदाम किंवा कुक्कुटपालनाची शेड कमी खर्चात उभी करणाऱ्याने तो निवडला, यात त्याचा दोष नव्हता, कारण त्याच्यापर्यंत धोक्याची माहिती पोहोचलेलीच नव्हती.

धोका नेमका कोठे निर्माण होतो, हे पत्रा बसवण्याच्या कामातून स्पष्ट होते. शाबूत पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असल्यामुळे ते सहसा सुटत नाहीत. मात्र पत्रा मापाला कापावा लागतो, एकमेकांवर चढणाऱ्या पत्र्यांचे कोपरे छाटावे लागतात आणि ‘जे’ आकाराचा हूक कैचीच्या आडव्या पट्टीत अडकवण्यासाठी पन्हळीच्या उंचवट्यावर भोक पाडावे लागते. करवतीखाली किंवा ड्रिलखाली जी पांढुरकी भुकटी पडते तिच्यात सुटे तंतू असतात आणि तिच्यावर वाकून काम करणारा कारागीर ते जवळून श्वासात घेतो. अनेक वर्षांच्या उन्हापावसाने पृष्ठभागावरील सिमेंट झिजले की तंतू उघडे पडू लागतात. अशा पत्र्यावरील शेवाळ तारेच्या ब्रशने कोरडेच खरवडणे किंवा तो हातोड्याने फोडून खाली टाकणे हे सर्वांत अपायकारक होय. इमारतींच्या बाहेरून गेलेल्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या जुन्या नळांनाही हेच लागू पडते.

या तंतूंचा परिणाम केवळ ॲस्बेस्टोसिसपुरता मर्यादित नाही, हे पुढील काही दशकांत सिद्ध झाले. रिचर्ड डॉल यांनी 1955 साली ॲस्बेस्टॉस कामगारांमध्ये फुफ्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दहापट असल्याचे दाखवले. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली फुफ्फुसावरणाच्या, एरवी अतिशय दुर्मिळ असलेल्या ‘मेसोथेलिओमा’ या कर्करोगाचे 33 रुग्ण प्रकाशात आणले. त्यांतील जवळजवळ सर्वांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी आढळला, आणि त्यांत कधीही खाणीत न उतरलेली, केवळ जवळपास राहिलेली माणसेही होती. हा रोग तंतू शरीरात गेल्यानंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होतो. त्यामुळे ज्या वेळी माणूस आजारी पडतो, त्या वेळी त्याची नोकरी संपलेली असते, कधी कारखानाही बंद झालेला असतो आणि कारण सिद्ध करण्यासाठी कागदाशिवाय दुसरा आधार उरत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट नेमकी ओळखली होती. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर 27 जानेवारी 1995 रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला, बाधित कामगारास एक लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. रोगाच्या दीर्घ सुप्तकाळाला दिलेले हे कायद्याचे उत्तर होते. परंतु त्याचा लाभ ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्यालाच होऊ शकतो; पत्रे बसवणारा नाका कामगार, घर पाडणारा मजूर आणि भंगारातून पत्रे वेगळे करणारी स्त्री यांचे नाव कोणत्याही पटावर नसते.

इतर देशांनी ही उणीव इमारतीचीच नोंद ठेवून भरून काढण्याचा प्रयत्न केला. ब्रिटनने 1999 साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली आणि घरे वगळता अन्य इमारतींमध्ये ते कोठे व कोणत्या स्थितीत आहे याची नोंद ठेवण्याची जबाबदारी 2004 पासून इमारतीच्या व्यवस्थापकावर टाकली, जेणेकरून भिंतीला किंवा छपराला हात लावण्यापूर्वीच कारागिराला धोका कळावा. युरोपीय संघातील बंदी 2005 साली पूर्ण झाली. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. तरीही भारतात क्रिसोटाइलची आयात चालू असून त्याचा बहुतांश भाग सिमेंटच्या पत्र्यांसाठीच जातो. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात हजारो घरांची छपरे उडाली आणि फुटक्या पत्र्यांचे तुकडे अंगणांतून व वाड्यांतून लोकांनी उघड्या हातांनी गोळा केले. वादळांच्या किनारपट्टीवर असा प्रसंग पुन्हा येणार हे उघड आहे.

नवे पत्रे बनवणे आज थांबवले, तरी गेल्या नव्वद वर्षांत चढवलेली छपरे पुढील अनेक वर्षे उतरवावी लागणार आहेत. म्हणून नगरपालिका व ग्रामपंचायतींनी इमारतीच्या नोंदवहीतच अशा पत्र्यांची व नळांची नोंद करणे, पुनर्विकासाच्या परवानगीपूर्वी ते ओले करून अखंड उतरवण्याची व बंदिस्त विल्हेवाटीची अट घालणे आणि हे काम करणाऱ्या प्रत्येक मजुराचे नाव, मग ते काम एका दिवसाचे का असेना, लिहून ठेवणे आवश्यक आहे. रॉचडेलच्या एका कामगार स्त्रीच्या मृत्यूची चौकशी होऊन ती कागदावर आली, म्हणून तिच्या रोगाला नाव मिळाले आणि पुढच्या कामगारांसाठी नियम झाले. मुलुंड-घाटकोपरपासून श्रीवर्धनपर्यंतच्या छपरांवर राबलेल्या हातांना तेवढाही न्याय मिळायचा असेल, तर त्यांची नोंद रोग दिसण्याची वाट न पाहता, काम चालू असतानाच व्हायला हवी.