तारेपासून नेटबंदीपर्यंत : मावळची एक नोंद

९ ऑगस्ट २०१८, गुरुवार. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी त्या दिवशी महाराष्ट्र बंदची हाक होती. त्याआधी दहा दिवस, ३० जुलैला, चाकणला मोठी जाळपोळ झाली होती. चाकण खेड तालुक्यात असले तरी तळेगावच्या रस्त्याने ते मावळला जोडलेले आहे, आणि तिकडचा धूर इकडे दिसायला वेळ लागत नाही. प्रशासनाने खबरदारी म्हणून पुणे जिल्ह्यातल्या सात तालुक्यांत इंटरनेट बंद केले : शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि भोर. यादीत पुणे शहर नव्हते.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या भागात त्या दिवसांत दोन मते सरसकट ऐकू येत. एक, बरे झाले, अफवा थांबतील, पोरे घरी बसतील. दुसरे, आमचा धंदा बुडाला त्याचे काय. दोन्ही मते समजण्यासारखी आहेत. पण आपल्या मुसलमान वस्त्यांमधून तिसरेही एक मत हलक्या आवाजात मांडले जाई, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे. नेट बंद असले की आपण सुखरूप, असे ते मत. भांडण मराठा समाजाचे आणि सरकारचे. त्यात मुसलमानाचा संबंध नाही. तरी नेट बंद झाल्याचे कळल्यावर आपल्या लोकांना हायसे वाटावे, ही साधी गोष्ट नव्हे.

या हायसे वाटण्याला कारणे आहेत. २ जून २०१४ रोजी हडपसरला सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका मुसलमान तरुणाला जमावाने ठार मारले. फेसबुकवर कोणीतरी शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत चित्रे टाकली होती. त्या चित्रांशी या तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. तो नमाज पढून परत येत होता, डोक्यावर टोपी होती, एवढे पुरले. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यातले आरोपी निर्दोष सोडले. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळवणारे समजून मारले गेले. त्यामागेही मोबाइलवर फिरणारी अफवाच होती. मावळात नेट बंद झाले ते त्यानंतर सहाच आठवड्यांनी. अशा काळात भ्यालेल्या माणसाने तारच तोडा म्हणावे, यात नवल नाही. पण तार कोण तोडतो, कोणासाठी तोडतो आणि तोडल्यावर काय होते, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. मावळ त्यासाठी सोयीचा प्रदेश आहे, कारण दीडशे वर्षांतले प्रत्येक नवे यंत्र याच घाटाने वर चढले किंवा खाली उतरले.

मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली. खंडाळा ते पुणे हा रस्ता १४ जून १८५८ रोजी खुला झाला, पण मधला बोरघाट शिल्लक होता. उतारू खोपोलीला उतरत आणि पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा रस्ता गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते सुरू झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि मध्ये इंजिनाची दिशा बदलावी लागे असे एक स्टेशन. १८६१ च्या सुमारास या कामावर बेचाळीस हजारांहून जास्त माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यातले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुरे करवून घेतले. तिचे नाव पुस्तकांत आहे, आणि ते असायलाच हवे. मजुरांची नावे मात्र कोठे नाहीत.

या मजुरांनी एकदा तोंड उघडले होते. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली तेव्हा घाटात दंगा झाला. त्या वेळच्या कंत्राटदाराला पुढे काम सोडावे लागले. पण त्या दंग्याची हकीकत आपल्याला कळते ती साहेबांच्या अहवालांतून. पगार मागणाऱ्याने स्वतः काय सांगितले असते, ते सांगायला त्याच्यापाशी साधन नव्हते. रुळांसोबत घाट चढलेली तार होती, पण ती त्याची नव्हती. स्टेशनमास्तराने मुंबईला काय कळवायचे हे स्टेशनमास्तराचे काम. मजुराच्या डोक्यावरून निरोप जात, त्याचा निरोप कधी गेला नाही. आगगाडीविषयी आणि तारेविषयी त्या काळच्या लोकांच्या मनात चमत्कारिक समजुती होत्या, पुलाच्या पायात माणूस पुरतात वगैरे, आणि आपण त्यांना हसतो. बोरघाटात काम केलेल्या माणसाला ती समजूत फारशी खोटी वाटली नसणार.

तारेचा आणि सत्तेचा संबंध याच वर्षांत पक्का झाला. १८५७ च्या उठावात इंग्रजांना तारेचा मोठा आधार झाला. त्याच जूनमध्ये कॅनिंगच्या सरकारने छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा एका वर्षासाठी आणला. कलकत्त्याच्या फारसी पत्रांवर खटले झाले. 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहंमद बाकर यांना दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी ठार केले. १८७८ साली लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर वेगळा कायदा लादला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. मराठीत, उर्दूत, बंगालीत लिहिणारा तेवढा धोक्याचा. रिपनच्या काळात, १८८२ साली, तो रद्द झाला. पण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या नावाखाली निरोप अडवायची, वाचायची मुभा सरकारला दिली, आणि ती इंग्रज गेल्यावरही राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम काढले, ते याच कायद्याखाली. त्याआधी जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाने नेट बंद करीत. म्हणजे मावळात मोबाइलवरचा नेट बंद करण्याचा अधिकार आला तो तारेच्या, राणीच्या काळातल्या कायद्यातून. ती तार स्वतः जुलै २०१३ मध्येच इतिहासजमा झाली होती.

मधल्या काळात वीज आली. म्हणजे मावळातून गेली. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरोता ही तळी बांधली. वळवणच्या धरणाचा पाया १९११ साली घातला गेला. इथले पाणी नळांतून सह्याद्रीच्या पलीकडे खोपोलीला सोडले आणि १९१५ साली त्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. १९२२ पर्यंत आंद्रेवर ठोकळवाडीचे धरण झाले, त्याची वीज भिवपुरीला. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तो इतिहास शाळेच्या पुस्तकातही आहे. मावळच्या जमिनीवर पाणी साठायचे, दिवा मुंबईत लागायचा. पुढे द्रुतगती मार्गही असाच आला. मावळातून जाणारा, मावळासाठी फारसा नसलेला.

आणि पवनेचे पाणीही. पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. तारीख पुन्हा पाहावी. रमजानचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई. त्या दिवशी वाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते. गोळ्या झाडणारे पोलीस, उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. १८५९ च्या मजुराला जे साधन नव्हते ते २०११ च्या शेतकऱ्याला निदान उसने मिळाले. नुसत्या सरकारी निवेदनावर भागले असते तर काय छापून आले असते, याचा अंदाज कोणीही करावा. सात वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच तालुक्यात नेट बंद होते. एव्हाना कॅमेरा वाहिनीच्या गाडीतून उतरून प्रत्येकाच्या खिशात आला होता. सप्टेंबर २०१६ नंतर नेट स्वस्त झाले आणि मावळच्या खेड्यातल्या माणसाच्या हाती प्रथमच असे यंत्र आले, की ज्याने त्याचा निरोप बाहेर जातो. रूळ, तार, वीज, रस्ता यांतले काहीच त्याच्या हातात नव्हते. हे होते, आणि बंद झाले ते हेच.

आता आपल्याकडे वळू. मुसलमान समाज नव्या यंत्राला आधी नको म्हणतो, हा आरोप पूर्ण खोटा नाही. लाउडस्पीकरचेच घ्या. मौलाना अशरफ अली थानवी यांचा अभिप्राय नमाजात लाउडस्पीकर नको असा होता. पुढे मुफ्ती मुहंमद शफी यांनी बऱ्याच विचारानंतर नमाज होते हे मान्य केले. आज त्याच लाउडस्पीकरसाठी आपण न्यायालयांच्या पायऱ्या चढतो. पण यंत्राविषयीची ही कुरकुर मला फार गंभीर वाटत नाही, ती काळाबरोबर मिटते. गंभीर आहे ती बंदीविषयीची आपली ओढ.

लाहोरच्या एका पुस्तकात पैगंबरांची निंदा झाली. १९२७ साली प्रकाशक सुटला, तेव्हा कायद्यात पोकळी आहे म्हणून मुसलमानांनी देशभर मागणी केली आणि त्याच वर्षी दंडसंहितेत २९५-अ कलम आले. वेदना खरी होती, मागणीही समजण्यासारखी. मात्र त्या चर्चेत बॅरिस्टर जिना यांनी इशारा दिला होता, की इतिहासाचा अभ्यास आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण असले पाहिजे. पुढे जिनांचे राजकारण कोठे गेले ते आपण जाणतो, पण त्या दिवशीचे त्यांचे बोलणे विसरण्याजोगे नाही. आपण कलम लक्षात ठेवले, इशारा विसरलो. हमीद दलवाईंना आपल्याच लोकांनी काय वागणूक दिली हे पुण्याच्या वाचकाला सांगायला नको.

कलमाला जात-धर्म नसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका मुसलमान मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या हिंदू मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. सुरुवातीला लावलेले कलम कोणते? तेच, २९५-अ. त्या ओळींत धर्माचे नावही नव्हते. मग माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ आले. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. त्या लढ्याला ज्या अटका कारण झाल्या त्यांत ही ठळक होती. आपल्या समाजाने त्या मुलीचे म्हणावे तेवढे कौतुक केले नाही. उलट 'मुलींनी कशाला लिहावे' हे मत मी अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे.

नेट बंद झाल्याने आपण सुखरूप राहतो का, याचे उत्तर २०१८ नंतरच्या घटनांत शोधता येते. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली. दुकाने आधी फुटली, नेट नंतर बंद झाले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला साताऱ्याच्या पुसेसावळीत जमाव मशिदीत शिरला, एक तरुण मेला. तिथेही नेट बंद झाले ते त्यानंतर. १ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या यवतला, पुन्हा एका पोस्टचे निमित्त झाले, जाळपोळ झाली. जमाव जमवणाऱ्याचे काम नेट चालू असताना झालेले असते. नेट जाते तेव्हा ज्याचे दुकान फुटले त्याला नातेवाइकांना कळवायचे असते, वकिलाला फोटो पाठवायचा असतो, आपल्या नावावर फिरणाऱ्या खोट्या पोस्टचा खुलासा करायचा असतो. गप्प होतो तो हा माणूस. काश्मिरात ऑगस्ट २०१९ नंतर वेगवान नेट परत यायला दीड वर्ष लागले. तिथल्या संपादक अनुराधा भसीन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले, की नेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, ती बेमुदत असू शकत नाही, आणि तिला न्यायालयात आव्हान देता येते. १८८५ च्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्याखालच्या २०२४ च्या नियमांतही आदेश प्रसिद्ध करण्याची आणि पंधरा दिवसांच्या मर्यादेची अट आहे. पुढच्या वेळी मावळात मोबाइल मुका झाला तर तो आदेश कोठे लावला आहे, त्यात कारण काय लिहिले आहे, हे वडगावच्या तहसील कचेरीत जाऊन विचारणे कोणालाही शक्य आहे. विचारणाऱ्यांत आपली माणसे असावीत, एवढी माझी इच्छा आहे.

एक गोष्ट राहिली. २०२५ साली मुंबईतले भोंगे उतरवले गेले, तेव्हा तिथल्या काही मशिदींनी मोबाइलवरून अजान ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर नाव नोंदवले. म्हातारी माणसे घरबसल्या आपल्याच मशिदीची अजान ऐकू लागली. मावळातही उद्या हे येईल. तेव्हा तालुक्याचे नेट ज्या दिवशी बंद असेल, त्या दिवशी फोनवर अजान यायची नाही.