अपसामान्य वर्तन म्हणजे काय? मानसशास्त्र रेषा कुठे ओढते?

मराठीत ‘वेडा’ हा शब्द लाडाचाही आहे आणि शिवीचाही. ‘क्रिकेटवेडा’ म्हटले की कौतुक आणि ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हटले की कुजबुज. मानसशास्त्राला असे मोघम बोलून चालत नाही. एखाद्याचे वागणे अपसामान्य ठरले, तर त्याचे उपचार, नोकरी, लग्न, प्रसंगी त्याचे कायदेशीर हक्कही त्या एका शब्दावर अवलंबून राहतात. तरीही सर्वांना मान्य अशी एकच व्याख्या आजवर झालेली नाही.

सगळ्यात सोपी कसोटी संख्येची: जे क्वचित आढळते ते अपसामान्य. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरली जाते. ७० च्या खाली साधारण दोन टक्के लोक असतात आणि १३० च्या वरही जवळपास तेवढेच. संख्येच्या हिशेबाने दोघेही सारखेच दुर्मीळ, पण १३० च्या वरच्या मुलाला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. त्याचा सत्कार होतो. शिवाय चिंता किंवा नैराश्य पुष्कळांना होते, म्हणून ते निरोगी ठरत नाही. ही कसोटी एकटी फारशी उपयोगाची नाही.

दुसरी कसोटी समाजाच्या रीतीभातींची, आणि खरा धोका इथेच आहे. १८५१ साली अमेरिकेतील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा आजार ठरवले. ज्या समाजात गुलामगिरी सामान्य, तिथे स्वातंत्र्याची ओढ हाच रोग! हे फार जुने झाले असे वाटत असेल, तर समलैंगिकतेचे उदाहरण घ्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आपल्या विकारांच्या यादीतून, म्हणजे ‘डीएसएम’मधून, काढली ती १९७३ मध्ये. या निर्णयाला विरोध झाल्यावर १९७४ मध्ये सदस्यांचे मतदान घेतले गेले आणि सुमारे ५८ टक्क्यांनी तो उचलून धरला. जागतिक आरोग्य संघटनेला यासाठी १९९० साल उजाडले. माणसे तीच होती, बदलली ती व्याख्या.

म्हणून वर्तन कुठल्या संदर्भात घडते हे पाहावे लागते. जत्रेत किंवा नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येते. तिथल्या लोकांना त्याचा अर्थ ठाऊक असतो आणि थोड्या वेळाने ती नेहमीसारखी घरी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा अवस्थेला विकार म्हणण्यासाठी ती इच्छेविरुद्ध आणि धार्मिक किंवा सांस्कृतिक प्रसंगाबाहेर घडणारी असावी लागते. ‘अंगात येणे म्हणजे आजारच’ हे विधान मानसशास्त्राचे नाही. अर्थात देवी खरोखर येते की नाही, हाही त्याचा प्रश्न नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात तज्ज्ञ सर्वाधिक भर देतात तो दोन गोष्टींवर: त्या व्यक्तीला होणारा त्रास आणि तिच्या रोजच्या जगण्यात येणारा अडथळा. कुलूप दोनदा ओढून पाहणे ही सवय झाली. त्या पाहण्यात तास-दोन तास जाऊन कामावर पोहोचता येत नसेल, तर तो प्रश्न आहे. पण त्रासाची कसोटीही पुरी पडत नाही. उन्मादाच्या झटक्यात माणसाला अत्यंत छान वाटत असते. तो उधळपट्टी करतो, झोपत नाही आणि त्रास घरच्यांना होतो. चौथी बाब म्हणून स्वतःला किंवा इतरांना असलेला धोका पाहिला जातो. मात्र मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात, हे चित्रपटांनी आपल्याला नीट कळू दिलेले नाही.

या कसोट्या लावतानाही रेषा सरकत राहते. दुःखाचेच पाहा. जवळचे माणूस गेल्यावर किती दिवस रडणे ‘सामान्य’? २०२२ च्या सुधारित ‘डीएसएम’मध्ये प्रदीर्घ शोकाचा विकार आला. प्रौढांसाठी त्याची किमान मुदत एक वर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात मात्र सहाच महिने पुरतात. (आपल्याकडे वर्षश्राद्धही वर्षानेच येते, हा योगायोग म्हणायचा.)

मग मानसिक आरोग्य म्हणजे काय? नुसता आजार नसणे पुरेसे नाही, असे मारी याहोदा यांनी १९५८ मध्ये मांडले. स्वतःकडे पाहण्याची निकोप दृष्टी, वाढ, मनाची एकसंधता, स्वायत्तता, वास्तवाचे भान आणि परिस्थिती हाताळण्याची क्षमता असे सहा निकष त्यांनी दिले. ते सगळे सदासर्वकाळ पुरे करणारा माणूस सापडणे कठीणच. स्वायत्ततेला दिलेले महत्त्व पाश्चात्त्य आहे, एकत्र कुटुंबात ते जसेच्या तसे लागू होत नाही, हा आक्षेपही रास्त आहे.

भारतात या चर्चेला कायद्याचे रूप आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजार राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय निकषांवरच ठरवावा लागतो. कोणी समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही, म्हणून त्याला आजारी ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही कोणी आजारी ठरत नाही. आणि आजाराचे निदान झाले, तरी सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय त्या व्यक्तीला ‘विकल मनाची’ मानता येत नाही.

स्वतःबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल शंका असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.