‘मेडे’ची कुळकथा

‘मे डे’ म्हटलं की गंगापुरात डोळ्यांपुढे येतो १ मे: झेंडावंदन, कामगार दिन आणि शाळेचा निकाल. वैमानिक संकटात तीनदा उच्चारतो त्या ‘मेडे’चं मात्र या महिन्याशी काहीच नातं नाही.

हा शब्द लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचा, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीचा. बिनतारी तारसंदेशांसाठी ‘एसओएस’ हा संकटाचा इशारा १९०६मध्येच ठरला होता. पण रेडिओच्या खरखरीत बोललेला ‘एस’ नीट कळेना. तिथले वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांच्याकडे नव्या शब्दाचं काम आलं. क्रॉयडनची बरीच ये-जा पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी, म्हणून त्यांनी फ्रेंच ‘मेदे’ धरला. अर्थ, ‘मला मदत करा’. इंग्रजी जिभेवर त्याचा ‘मेडे’ झाला आणि १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत जगभर मान्य झाला.

त्याचं धाकटं भावंड ‘पॅन-पॅन’. तेही फ्रेंच; ‘पान’ म्हणजे यंत्राचा बिघाड. गंमत बघा, बिघाडाचा शब्द कमी गंभीर अडचणीच्या वाट्याला आला. एका इंजिनाच्या विमानात ते इंजिनच बंद पडलं, तर हाक थेट मेडेचीच.

पण ही हाक पहिली नसते. सेसना १५२ या प्रशिक्षण विमानात आधी नाक खाली करून वेग ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर, धरायचा. वारा नसेल तर हजार फूट उंचीमागे अडीच-तीन किलोमीटर तरंगता येतं. मग जागा हेरायची. उंची असेल तर कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा), इंधनाचा खटका, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) तपासायचे, आणि त्यानंतर रेडिओ.

गंगापूरच्या आभाळातून जागा शोधणं सोपं वाटेल, सगळी शेतंच! पण पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चाक रुततं आणि विमान नाकावर उलटतं. उसाचा शेंडा हीच जमीन समजावी लागते. नांगरट असेल तर तासाच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात.

असाच प्रसंग २५ जुलै २०२२ रोजी खरोखर घडला: बारामतीहून एकटीच निघालेल्या प्रशिक्षणार्थी तरुणीच्या सेसना १५२ची ताकद गेली. विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात आदळलं, मोडलं. तिला किरकोळ दुखापत झाली. मदतीला पहिल्यांदा पोचले ते आसपासचे शेतकरी.